गर्भाशयमुखाच्या कर्करोगात नॉन-कोडिंग आरएनए: प्रोग्नॉस्टिक मार्करचा अभ्यास कोणत्या क्रमाने करावा

सांगली, मिरज, कऱ्हाड, सातारा या पट्ट्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचताना एकच चूक वारंवार समोर येते. गर्भाशयमुखाच्या गाठीचे चाळीस-पन्नास नमुने आणि शेजारच्या निरोगी ऊतीचे तेवढेच नमुने घेऊन एखाद्या नॉन-कोडिंग आरएनएचे (प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएचे) प्रमाण मोजलेले असते, दोहोंत लक्षणीय फरक आलेला असतो आणि निष्कर्षात लिहिलेले असते की हा आरएनए ‘प्रोग्नॉस्टिक मार्कर’, म्हणजे रोगाची पुढची वाटचाल सांगणारी खूण, आहे. ती रुग्ण पुढे किती दिवस जगली, रोग उलटला का, याचा मात्र त्या तक्त्यात एकही रकाना नसतो. गाठीत एखादा रेणू वाढलेला असणे आणि त्याच्या पातळीवरून रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येणे, या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पहिली सिद्ध केल्याने दुसरी आपोआप सिद्ध होत नाही.

खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. प्रयोगशाळेचे काम पाचव्या टप्प्याला सुरू होते. बहुतेक जण तेथूनच सुरुवात करतात आणि आधीचे चार टप्पे त्यांना प्रबंध लिहायला बसल्यावर आठवतात.

टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

मार्करचे तीन प्रकार सुरुवातीलाच वेगळे करावेत. रोग आहे की नाही हे सांगतो तो निदानाचा मार्कर. रोग असलेल्या व्यक्तीची पुढची वाटचाल कशी असेल हे सांगतो तो प्रोग्नॉस्टिक. अमुक उपचाराचा कोणाला जास्त फायदा होईल हे सांगतो तो प्रेडिक्टिव्ह, आणि तसा दावा करण्यासाठी निरनिराळे उपचार घेतलेले किमान दोन गट लागतात. सर्वांना एकच उपचार दिलेला असेल तर ‘हा आरएनए रेडिएशनला मिळणारा प्रतिसाद सांगतो’ असे लिहिता येत नाही.

प्रश्न असा लिहावा: ‘स्टेज २बी ते ३सी१ मधील, केमोरेडिएशन (औषध आणि किरणोपचार एकत्र) सुरू केलेल्या स्क्वॅमस (चपट्या पेशींच्या) कर्करोगाच्या रुग्णांमध्ये, उपचारापूर्वीच्या बायोप्सीतील हॉटेअर या नॉन-कोडिंग आरएनएची पातळी, स्टेज आणि लसिका ग्रंथींतील प्रसार हिशेबात घेतल्यावरही, रोग न बळावता जगलेल्या काळाशी निगडित आहे का?’ यातील ‘सुरू केलेल्या’ हा शब्द मुद्दाम आहे. तेथे ‘पूर्ण केलेल्या’ असे लिहिले, की उपचार अर्धवट राहिलेल्या आणि त्या काळात दगावलेल्या रुग्णा अभ्यासातून अलगद गळतात आणि उरलेला गट प्रत्यक्षापेक्षा निरोगी दिसू लागतो.

*तपासा:* वाक्यात रुग्णगट, नमुना, रेणू, उपचार आणि शेवटची घटना या पाचही गोष्टी आल्या आहेत का? एक जरी नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा २: शून्य दिवस, घटना आणि पाठपुरावा

हा टप्पा सर्वांत कंटाळवाणा आहे आणि अभ्यास टिकणार की पडणार हे येथेच ठरते, म्हणून त्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

आधी शून्य दिवस ठरवावा. बायोप्सीने निदान झाले ती तारीख किंवा उपचार सुरू झाल्याची तारीख, यांपैकी एक निवडून ती सर्वांना सारखी लावावी. नंतर घटना ठरवावी. कोणत्याही कारणाने झालेला मृत्यू ही एकूण जगण्याची घटना आहे. रोग बळावणे, उलटणे किंवा मृत्यू यांपैकी जे आधी घडेल ते, ही दुसरी. रोग उलटल्याची तारीख कोणती धरायची, लक्षण दिसले ती, स्कॅन झाला ती की बायोप्सीचा अहवाल आला ती, हेही आधीच लिहून ठेवावे. नाहीतर प्रत्येक फाइलला निराळा नियम लागतो.

या कर्करोगात रोग उलटण्याच्या बहुतांश घटना पहिल्या दोन-तीन वर्षांत घडतात. तीन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दीड वर्ष नमुने गोळा करून उरलेल्या वेळेत पाठपुरावा करणाऱ्याच्या हाती फारच थोड्या घटना लागतात. म्हणून अशा विद्यार्थ्याने नवे नमुने गोळा करण्यापेक्षा चार-पाच वर्षांपूर्वीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेल्या ऊती) घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उपचार झालेला असतो, काळ लोटलेला असतो आणि निम्मा पाठपुरावा कागदावर तयार असतो.

राहिलेला निम्मा गावोगाव फिरून मिळवावा लागतो. आपल्या भागातील अडचणी ठरलेल्या आहेत. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेली बाई पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळीसोबत परत जाते आणि तिच्या फाइलवर मुकादमाचा नंबर असतो. जतच्या पलीकडून, कर्नाटकातील गावांतून मिरजेला आलेल्या रुग्णेचे नाव एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे असते. नोंदणीच्या वेळीच दोन निराळ्या घरांतील दोन नंबर, गाव, तालुका आणि आशाताईचे नाव लिहून घेतले तर पुढचे श्रम निम्म्याने वाचतात. फुले जन आरोग्य योजनेतून उपचार झाले असतील तर त्या कागदपत्रांवरून उपचारांच्या तारखा पडताळता येतात.

मृत्यूची तारीख हा वेगळाच विषय आहे. घरचे सांगतात, ‘बेंदराच्या आदल्या दिवशी गेली’. ही माहिती टाकाऊ नाही. त्या वर्षीचे पंचांग काढून तारीख ठरवावी आणि ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीशी पडताळावी. ‘पावसाळ्यात कधीतरी’ एवढेच कळले तर अंदाजाने महिना घालू नये, आधी नोंद शोधावी.

*सावधान:* संपर्क न झालेल्या रुग्णेला ‘जिवंत’ धरू नये. ती जिवंत असल्याचे ज्या दिवशी शेवटचे खात्रीने कळले, त्या दिवशी तिची नोंद थांबवावी. सांख्यिकीत याला सेन्सॉरिंग म्हणतात.

*तपासा:* रुग्णांची नव्हे, घटनांची संख्या मोजा. साठ रुग्णांत पंधराच घटना असतील तर, एका घटकामागे सुमारे दहा घटना या ढोबळ नियमाने, एका वेळी एक किंवा फार तर दोनच घटक तपासता येतात. मार्कर आणि स्टेज घेतले की जागा संपली. संख्या अपुरी निघाली तर अभिकर्मक मागवण्यापूर्वीच शेजारच्या केंद्राशी बोलणी करावीत.

टप्पा ३: परवानगी आणि रुग्णगट

संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता नमुन्याला हात लावण्यापूर्वी घ्यावी. जुन्या ब्लॉकसाठीही ती लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवावीत. नवे नमुने असतील तर संमतीपत्र रुग्णेला समजेल अशा मराठीत असावे, आणि नमुना साठवून पुढील अभ्यासासाठी वापरण्याची संमती वेगळ्या ओळीत घ्यावी.

रुग्णगट ठरवताना स्टेजचा घोळ हमखास होतो. फिगोने (स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने) २०१८ मध्ये वर्गीकरण बदलले. तेव्हापासून स्कॅन आणि पॅथॉलॉजीचे निष्कर्ष स्टेजमध्ये धरले जातात, ग्रंथींत प्रसार असेल तर स्टेज ३सी होते आणि १बी चे दोनऐवजी तीन भाग झाले आहेत. जुन्या फाइलवरील ‘२बी’ आजच्या नियमाने ३सी१ असू शकते. सर्व फाइली पुन्हा वाचून एकाच वर्गीकरणात आणाव्यात; ते शक्य नसेल तर जुन्या आणि नव्या फाइली एका गटात मिसळू नयेत.

त्याच बैठकीत पुढील गोष्टीही टिपून घ्याव्यात: स्क्वॅमस की ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथीपेशींचा कर्करोग), गाठीचा आकार, सुरुवातीचे हिमोग्लोबिन, एचआयव्हीची स्थिती, दर आठवड्याच्या सिस्प्लाटिनच्या किती मात्रा मिळाल्या (नेहमीची मात्रा चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम), ब्रॅकीथेरपी (आतून दिलेले रेडिएशन) झाली का, आणि एकूण उपचार ५६ दिवसांत संपला का. ब्रॅकीथेरपी चुकलेली बाई आणि पूर्ण झालेली बाई यांच्या निकालातील फरक आरएनएच्या माथी मारला गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

टप्पा ४: रेणू निवडा, नाव नीट लिहा

अभ्यास करण्याजोगे रेणू पुष्कळ आहेत, पण एका प्रबंधाला दोन किंवा तीन पुरे होतात. नमुना जुन्या ब्लॉकमधील असेल तर मायक्रोआरएनए हाताळायला सोपे, कारण सुमारे २२ न्यूक्लिओटाइडचा हा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये त्यामानाने चांगला टिकतो. मिर-२१ हा मायक्रोआरएनए या कर्करोगात वाढलेला, तर मिर-१४३, मिर-१४५ आणि मिर-३४ए कमी झालेले अनेक अभ्यासांत आढळले आहेत. मिर-३४ए कमी होण्यामागची साखळीही समजण्यासारखी आहे: या कर्करोगास कारण असलेल्या एचपीव्ही विषाणूचे ई६ प्रथिन पी५३ हे गाठ रोखणारे प्रथिन नष्ट करवते आणि मिर-३४ए ला चालना देणारे पी५३च उरत नाही.

लांब आरएनए, म्हणजे दोनशेहून अधिक न्यूक्लिओटाइडचे, हॉटेअर आणि मॅलॅट-१ यांचा संबंध खालावलेल्या जगण्याशी काही अभ्यासांनी जोडला आहे. मात्र त्यांच्या मोजणीत दोन खाचखळगे आहेत. मॅलॅट-१ बहुतांशी एकाच सलग एक्झॉनचा (जनुकाच्या अखंड तुकड्याचा) असल्याने नमुन्यात उरलेला डीएनएही तोच पट्टा देतो. हॉटेअर हा हॉक्स-सी जनुकसमूहात उलट दिशेने वाचला जातो, त्यामुळे प्रायमर (मोजायचा क्रम हेरणारे छोटे डीएनए तुकडे) नेमके कोणत्या धाग्याचे आहेत हे पाहावे लागते. वर्तुळाकार आरएनए निवडला तर प्रायमर जोडाच्या जागेवरून जाणारे, परस्परांकडे पाठ केलेले असावे लागतात. नेहमीचे प्रायमर सरळ आरएनएही मोजतात.

*सावधान:* ‘मिर-२१’ एवढेच लिहून प्रायमर मागवू नयेत. मिर-२१-५पी आणि मिर-२१-३पी हे निराळे तुकडे आहेत. मिरबेस या मायक्रोआरएनए-संग्रहातील पूर्ण नाव आणि क्रम वहीत लिहून मगच मागणी नोंदवावी.

टप्पा ५: नमुना

नमुना उपचारापूर्वीचाच हवा. रेडिएशनचे दोन आठवडे झाल्यावर घेतलेली बायोप्सी याच तक्त्यात घालू नये.

ताज्या बायोप्सीचा एक तुकडा पॅथॉलॉजीला जातो आणि दुसरा आपल्याला मिळतो. निदानाचा तुकडा कधीही कमी करू नये. आरएनएलेटर या आरएनए जपणाऱ्या द्रवात टाकायचा तुकडा एका बाजूने अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा पातळ असावा, द्रव तुकड्याच्या किमान पाचपट असावा, आणि नमुना एक रात्र चार अंशांवर ठेवून मग खोल थंडीत हलवावा. जाड तुकड्याच्या आतपर्यंत द्रव पोहोचत नाही आणि मधला भाग खराब होतो.

फॉर्मॅलिनच्या नमुन्यात वेळेला महत्त्व आहे. दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन आणि सहा ते चोवीस तास हे उत्तम. ४८ तासांपुढे नुकसान वाढत जाते. एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी बुडवलेल्या बायोप्सी आमच्या हाती पाडवा उलटल्यावर आल्या. रंगवलेल्या स्लाइडवर पेशी सुरेख दिसत होत्या, निदानाला कसलीच अडचण नव्हती, पण त्या ब्लॉकमधून लांब आरएनए जवळपास निघालाच नाही. स्लाइड चांगली दिसते म्हणून आरएनए चांगला असेल असे गृहीत धरू नये.

ब्लॉकमधून काप घेताना हवेला उघडे राहिलेले पहिले काही काप टाकून द्यावेत, ब्लेड प्रत्येक रुग्णाला बदलावे, आणि पॅथॉलॉजिस्टने शेजारच्या स्लाइडवर खुणा केलेला गाठीचा भागच खरवडावा. गाठीच्या पेशींचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तर मोजलेला आरएनए सूज आलेल्या भागाचा की गाठीचा हे सांगता येत नाही.

रक्त घेतल्यास ईडीटीएची जांभळी नळी वापरावी. हेपॅरिन पीसीआरला (आरएनए मोजण्याच्या प्रक्रियेला) अडथळा करते. दोन तासांच्या आत प्लाझ्मा वेगळा करावा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवावा. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतील मायक्रोआरएनए प्लाझ्मात मिसळतात. मिर-२३ए-३पी च्या सीक्यूमधून (पीसीआरच्या ज्या चक्राला संकेत दिसू लागतो त्या आकड्यातून; तो जितका लहान तितका रेणू जास्त) मिर-४५१ए चा सीक्यू वजा करावा; फरक ५ पेक्षा जास्त असेल तर संशय घ्यावा आणि ७ पेक्षा जास्त असेल तर नमुना बाजूला ठेवावा.

नमुने पुण्याला पाठवायचे असतील तर कोरडा बर्फ सांगलीहून लागणाऱ्या वेळेच्या दुपटीला पुरेल एवढा घ्यावा. खंबाटकीत ट्रक बंद पडला की नेहमीचा हिशेब चुकतो, आणि एप्रिलच्या दुपारी तर फारच. थर्माकोलचा डबा हवाबंद करू नये, वायू कोंडून तो फुटू शकतो. वीज गेल्यावर फ्रीजर किती वेळ थंडी धरतो हे एकदा रिकाम्या नळ्या ठेवून मोजून पाहावे. फ्रीजर तळमजल्यावर असेल तर २०१९ चा कृष्णेचा पूर आठवावा आणि निम्मे नमुने दुसऱ्या जागी ठेवावेत.

टप्पा ६: आरएनए काढणे

मायक्रोआरएनएसाठी साधा कॉलम किट घेणे ही महागात पडणारी चूक आहे. बहुतेक साधे कॉलम दोनशे न्यूक्लिओटाइडखालचे तुकडे धुऊन टाकतात. लहान आरएनए टिकवणारा किट घ्यावा आणि त्यात सांगितलेले इथेनॉलचे प्रमाण बदलू नये. डीएनेजची (उरलेला डीएनए नष्ट करण्याची) प्रक्रिया प्रत्येक नमुन्याला करावी.

शुद्धतेसाठी प्रकाशशोषणाचे २६०/२८० चे गुणोत्तर २ च्या आसपास आणि २६०/२३० चेही साधारण तेवढेच असावे. ताज्या ऊतीत आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा आकडा) पाहावा. ब्लॉकमधील आरएनएला आरआयएन लावून नमुने फेकू नयेत, तेथे तो कमीच येतो. त्याऐवजी दोनशे न्यूक्लिओटाइडहून लांब तुकड्यांची टक्केवारी, म्हणजे डीव्ही२००, पाहावी आणि प्रायमर शंभरापेक्षा लहान तुकडा वाढवतील असे निवडावेत.

*तपासा:* काढण्याच्या प्रत्येक फेरीत रोग उलटलेल्या आणि न उलटलेल्या, दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे नमुने मिसळलेले आहेत का? मिसळण्याचे काम दुसऱ्याने करावे. मोजणाऱ्याला निकाल माहीत नसावा.

टप्पा ७: मोजणी

प्रत्येक प्लेटवर नमुन्याविना एक खाच आणि प्रत्येक नमुन्याला रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेजविना (आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या एन्झाइमाविना) एक खाच ठेवावी. मॅलॅट-१ च्या बाबतीत ही दुसरी खाच सोडणाऱ्याने निकालावर विश्वास ठेवू नये. प्रायमरची कार्यक्षमता पातळ करत नेलेल्या नमुन्यांवर आधी तपासावी. ९० ते ११० टक्के चालते, आणि आलेखाचा उतार -३.३२ आला की ती शंभर टक्के असते.

तुलनेसाठी जीएपीडीएच किंवा यू६ हे संदर्भ-रेणू सवयीने घेतले जातात. ऑक्सिजन कमी पडलेल्या गाठीत जीएपीडीएच स्वतःच बदलतो, आणि प्लाझ्मात यू६ स्थिर राहत नाही. पाच-सहा पर्याय आपल्याच दहा-पंधरा नमुन्यांवर मोजून जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या संगणक-साधनाने दोन-तीन स्थिर संदर्भ निवडावेत. प्लाझ्मात बाहेरून घातलेला सेल-मिर-३९ हा परका मायक्रोआरएनए आरएनए काढण्यातील तूट दाखवतो, पण तेवढ्यावर भागत नाही.

आता चिन्हाचा घोटाळा. एका रुग्णेत संदर्भाचा सीक्यू २० आणि मार्करचा २८, फरक ८. दुसरीत संदर्भ २० आणि मार्कर २५, फरक ५. दुसरीत मार्कर आठपट जास्त आहे, तरी तिचा आकडा लहान आहे. आकडा जसाच्या तसा घेऊन ‘८ म्हणजे जास्त’ असे गट पाडले की जगण्याचे दोन्ही आलेख अदलाबदल होतात आणि घातक रेणू रक्षक ठरतो. विश्लेषणाच्या फाइलमध्ये फरकाचे चिन्ह उलटवून नवा रकाना करावा आणि जुना रकाना लपवावा.

टप्पा ८: विश्लेषण

सर्वांत मोठी चूक गट पाडण्याच्या रेषेत असते. संगणकाला ‘ज्या ठिकाणी पी-मूल्य सर्वांत कमी येईल तेथे रेषा मार’ असे सांगितले तर तो कोणत्याही निरुपयोगी रेणूसाठी रेषा शोधून देतो. रेषा आधी ठरवावी, उदाहरणार्थ मध्यक. त्याहून चांगले म्हणजे पातळी सलग आकडा म्हणूनच कॉक्स प्रारूपात (घटना घडण्याच्या धोक्यावर अनेक घटकांचा एकत्र परिणाम मोजणाऱ्या पद्धतीत) घालावी आणि कॅप्लन–मायर आलेख (काळानुसार किती जणी जगल्या हे दाखवणारा) केवळ दाखवण्यासाठी काढावा. मृत्यू झाला की नाही एवढ्यावर आरओसी आलेख काढून रेषा ठरवणेही चूक आहे, कारण तीन महिन्यांत गेलेली आणि तीन वर्षांनी गेलेली या दोघी त्यात सारख्याच ठरतात.

कॉक्स प्रारूपात स्टेज आणि ग्रंथींचा प्रसार असायलाच हवा. धोक्याचे प्रमाण काळानुसार स्थिर राहते का, हे शोएनफेल्ड रेसिड्युअल्सवरून पाहावे. नंतर खरा प्रश्न विचारावा: फक्त वैद्यकीय माहितीचे प्रारूप आणि त्यात मार्कर घातलेले प्रारूप यांच्या सी-इंडेक्समध्ये (अंदाज किती बरोबर ठरतो याच्या मापात) किती फरक पडला? बूटस्ट्रॅप (त्याच रुग्णांतून पुन्हा पुन्हा निवड करून मोजणी) केल्यावरही तो उरतो का? दहा रेणू मोजून एकाबद्दल लिहायचे असेल तर उरलेल्या नऊंचे आकडेही द्यावेत आणि बेन्जामिनी–हॉकबर्गची (अनेक तुलनांसाठीची) दुरुस्ती करावी.

टप्पा ९: बाहेरची पडताळणी आणि लिखाण

टीसीजीए या अमेरिकी कर्करोग-जनुक संग्रहाच्या गर्भाशयमुख संचात सुमारे तीनशे रुग्णा आहेत आणि तो मोफत मिळतो, म्हणून प्रत्येक प्रबंधात त्याचा आलेख चिकटवलेला असतो. त्यातील बहुतेक गाठी शस्त्रक्रियेतून आलेल्या आणि पहिल्या स्टेजच्या आहेत; आपल्याकडे येणारी रुग्ण बरेचदा पुढच्या स्टेजची आणि रेडिएशनवर असते. या संचात निरोगी ऊतीचे नमुने केवळ तीन आहेत, तेव्हा संकेतस्थळावर दिसणारी ‘गाठ विरुद्ध निरोगी’ तुलना बहुधा दुसऱ्या संचातून उसने घेतलेल्या नमुन्यांवर उभी असते. आधाराला घ्यावा, पण पडताळणी म्हणून आपल्यासारख्याच दुसऱ्या केंद्रातील रुग्णगट मिळवावा आणि तेथे रेषा बदलू नये.

लिहिताना मार्करच्या अभ्यासांसाठीची रिमार्कची यादी (२००५) आणि क्यूपीसीआरसाठी मिक्वीची यादी (२००९ आणि तिची पुढील आवृत्ती) शेजारी ठेवावी. किती रुग्णा तपासल्या, किती गळल्या आणि का, किती नमुने खराब निघाले, हे पहिल्याच आकृतीत दाखवावे.

*सावधान:* मार्करचा आकडा रुग्णाच्या फाइलला लावू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार ठरवण्यासाठी नॉन-कोडिंग आरएनएची कोणतीही तपासणी आज नेहमीच्या वापरात नाही. तपासणीसाठी रक्त दिले म्हटल्यावर रुग्णेची मुलगी पुढच्या फेरीला ‘रिपोर्ट काय आला?’ असे विचारणारच. ‘ताई, हे रक्त अभ्यासासाठी घेतलं होतं, आईचं औषध त्यावर ठरत नाही, तिचा स्कॅन बघू,’ एवढे उत्तर नमुना घेणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे आणि तेच वाक्य संमतीपत्रातही घालावे.